गणित सोडून इतिहासात गेलेला माणूस? कोसंबींविषयीचे दोन सोयीस्कर गैरसमज

१/ दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव निघाले की मराठी चर्चेत दोन वाक्ये ठरलेली असतात. गणिताच्या बाजूचा माणूस हळहळतो: एवढा मोठा गणिती, पण इतिहासाच्या नादी लागून वाया गेला. इतिहासाच्या बाजूचा नाक मुरडतो: गणिताच्या प्राध्यापकाने आमच्या प्रांतात लुडबुड कशाला करावी? दोन्ही वाक्यांत चूक एकच आहे. हा धागा त्या चुकीविरुद्ध आहे.

२/ दोघेही असे धरून चालतात की कोसंबींच्या आयुष्यात दोन खोल्या होत्या आणि मध्ये भिंत होती. एका खोलीचे दार लावून ते दुसरीत शिरले, असा हा समज. कामाचा क्रम नीट पाहिला तर वेगळेच दिसते. गणितानेच त्यांना इतिहासाच्या दारात नेऊन उभे केले, आणि आत शिरताना गणित त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवले नाही.

३/ हा वाद पुण्या-मुंबईच्या विद्वानांपुरता असता तर त्यावर वेळ घालवण्याचे कारण नव्हते. पण मूल, सावली, सिंदेवाही, चामोर्शी, धानोरा येथील विद्यार्थी इतिहासाचे पुस्तक उघडतो तेव्हा त्याला त्यात स्वतःचा तालुका सापडत नाही. कारण विचारले तर उत्तर मिळते: तिकडचे कागद नाहीत. कागद नाहीत म्हणून इतिहास नाही, या उत्तराला कोसंबींच्या कामात खणखणीत प्रत्युत्तर आहे. शेवटी तिथेच यायचे आहे. आधी त्यांचे आयुष्य.

४/ जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातील कोसबें. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित. धर्मानंद अध्यापन व संशोधनासाठी हार्वर्डला गेले तेव्हा, १९१८ मध्ये, मुलगाही बरोबर अमेरिकेला गेला. शालेय शिक्षण तिथे, पुढे हार्वर्ड विद्यापीठ. १९२९ मध्ये तो सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला.

५/ हार्वर्डचे विख्यात गणिती जॉर्ज बर्कहॉफ यांचा सल्ला होता की या मुलाने सगळे लक्ष गणितावर केंद्रित करावे. मुलाने ऐकले नाही. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन यांतही तो रमला. ‘गणित सोडले’ ही तक्रार करायचीच असेल तर ती विद्यार्थिदशेपासून करावी लागेल. एका विषयाच्या कुंपणात हा माणूस कधीच नव्हता.

६/ भारतात परतल्यावर १९२९ ते १९३१ बनारस हिंदू विद्यापीठ. मग अलीगढ. तिथे गणित विभागाचे प्रमुख होते आंद्रे वेइल, पुढे विसाव्या शतकातील अग्रगण्य गणितींत गणले गेलेले. तेव्हा तेही विशीतच होते. या दोन तरुणांच्या सहवासातून गणिताच्या इतिहासातील एक गमतीदार नोंद जन्मली.

७/ १९३१ मध्ये कोसंबींनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्यात ‘बुर्बाकी’ नावाच्या एका काल्पनिक गणितीच्या प्रमेयाचा आधार घेतला. प्रेरणा वेइल यांची, हेतू एका सहकाऱ्याची जिरवण्याचा. काही वर्षांनी वेइल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी याच नावाखाली आधुनिक गणिताची नव्याने मांडणी करणारा ग्रंथप्रकल्प सुरू केला. त्या जगप्रसिद्ध टोपणनावाचा छापील संशोधनातील पहिला वावर भारतात, एका मराठी-कोंकणी माणसाच्या लेखात झाला.

८/ १९३३ मध्ये कोसंबी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात आले. त्याच वर्षी जर्मनीतील ‘मॅथेमॅटिशे त्साइटश्रिफ्ट’ या नियतकालिकात त्यांचा वक्र-मार्गांच्या भूमितीवरील निबंध आला. त्यावर एली कार्तां या फ्रेंच भूमितिज्ञाने आपली निरीक्षणे लिहिली, तीही तिथेच छापली गेली. पुढे चर्न यांनी या विषयात भर घातली. आज हा सिद्धान्त कोसंबी-कार्तां-चर्न या तीन नावांनी ओळखला जातो.

९/ पहिल्या आक्षेपाचे उत्तर खरे म्हणजे इथेच सुरू होते. १९३४ चे रामानुजन स्मृती पारितोषिक त्यांना मिळाले. १९४३ मध्ये ‘फलन-अवकाशातील संख्याशास्त्र’ या विषयावर त्यांनी एक निबंध लिहिला. यादृच्छिक प्रक्रियेचे सुट्या, परस्पर-असंबद्ध घटकांत विघटन करण्याची ती पद्धत आज जगभर कार्हुनेन आणि लोएव यांच्या नावाने शिकवली जाते. या दोघांचे काम कोसंबींच्या नंतरचे आहे.

१०/ १९४४ मध्ये आणखी एक निबंध, विषय जनुकशास्त्र. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत, हे संततीत दिसणाऱ्या गुणांच्या फेरजुळणीवरून कसे काढावे, याचे सूत्र. फेरजुळणीची एक घटना शेजारच्या दुसऱ्या घटनेला अडथळा करते, हे त्यांनी हिशेबात धरले. ‘कोसंबी फलन’ या नावाने ते सूत्र आजही वापरात आहे. भाताच्या जनुकीय नकाशांतही ते येते, हे मूल-सिंदेवाहीच्या भातपट्ट्यातील वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे.

११/ आता तारखा शेजारी मांडू. नाण्यांच्या वजनांवरील त्यांचे पायाभूत लेखन १९४० च्या दशकाच्या आरंभीचे. भर्तृहरीच्या कवितेवरील गाजलेला लेख १९४१ चा. वरचे दोन गणिती निबंध १९४३ आणि १९४४ चे. म्हणजे ‘इतिहासाच्या नादी लागल्याने गणित संपले’ असे ज्या काळाबद्दल म्हटले जाते, त्याच काळात त्यांचे सर्वाधिक टिकलेले गणित लिहिले गेले. हळहळ करणाऱ्यांनी एवढा क्रम तरी तपासायला हवा होता.

१२/ मग ते इतिहासाकडे आले कसे? कोसंबींनी स्वतः सांगितलेला क्रम साधा आहे. संख्याशास्त्र आत्मसात करायचे होते, त्यासाठी खरीखुरी आकडेवारी हवी होती. तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांचे निधी हाती आले. आहत म्हणजे ठसे ठोकून उमटवलेली. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, मजकूर नाही. सूर्य, चक्र, प्राणी, डोंगर अशी चिन्हे फक्त.

१३/ अशा नाण्यावरून काळ कसा ठरवायचा? नाणकशास्त्राची नेहमीची वाट चिन्हांचे अर्थ लावण्याची. कोसंबींनी चिन्हे तूर्त बाजूला ठेवली आणि तराजू पुढे ओढला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एकाच वेळी पुरलेल्या निधीत जे नाणे जास्त काळ चलनात होते, ते जास्त हलके असणार. विचार इतका सोपा आहे. अडचण पुढे आहे.

१४/ एक नाणे उचलून त्याचे वजन केले तर त्यातून काही कळत नाही. टांकसाळीतून निघतानाच दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. शिवाय एक नाणे वर्षभर बाजारात फिरते, दुसरे मडक्यात पडून राहते. ही अडचण शब्दपांडित्याने सुटत नाही. ती सुटते समूहाने. एका प्रकारची शेकडो नाणी तोलली की योगायोग एकमेकांना खोडून काढतात. मागे उरते ती सरासरी, आणि सरासरीभोवतीचा फैलाव.

१५/ जितका काळ अधिक, तितकी सरासरी खाली आणि फैलाव जास्त, असे त्यांना आढळले. नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक ठसे असतात. ते सराफांनी वेळोवेळी तपासणी करून मारले असावेत, असे त्यांनी मांडले. मग जास्त ठसे म्हणजे जास्त तपासण्या, जास्त तपासण्या म्हणजे जास्त काळ चलन, म्हणजे कमी वजन. ठशांची संख्या आणि सरासरी वजन आलेखावर मांडल्यावर बिंदू जवळपास एका सरळ रेषेत पडले.

१६/ इथे थांबले असते तरी निबंध झाला असता. पण हे आपल्याला हवे तसे तर दिसत नाही ना, ही शंका गणितीला गप्प बसू देत नाही. म्हणून त्यांनी स्वतःच्या काळातली, साल छापलेली ब्रिटिश हिंदुस्थानातली नाणी हजारोंनी गोळा करून तोलली. साल माहीत असल्याने उत्तर पडताळता येत होते. झिजेचा नियम तिथेही दिसला. चलनाचा धातूच्या वजनावर काय परिणाम होतो, यावरील तो निबंध १९४२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला.

१७/ ही पायरी मुद्दाम विस्ताराने सांगितली. आज समाजमाध्यमांवर जो ‘इतिहास’ चालतो त्यात नेमकी हीच पायरी गायब असते. आधी निष्कर्ष, मग पुरावा, आणि विरुद्ध पुरावा दिला तर देणाऱ्याचे आडनाव. आपले विधान खोटे कशाने ठरेल, हे आधी जाहीर करून मग मोजायला बसणे, ही सवय कोसंबींनी गणितातून इतिहासात आणली. लुडबुड म्हणायचे तर ती हीच.

१८/ नाणी क्रमाने लागली. पुढचा प्रश्न: ती पाडली कुणी? त्यासाठी पुराणे, बौद्ध आणि जैन ग्रंथ उघडावे लागले. राजांच्या नावांबाबत ते एकमेकांशी जुळेनात. मग मूळ संस्कृत वाचणे आले, पाठ तपासणे आले. त्या अभ्यासासाठी हाती घेतलेला कवी म्हणजे भर्तृहरी. गणितीच्या टेबलावर सुभाषिते कशी आली, याचे कोडे एवढ्याने सुटते.

१९/ १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यासाठी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली होती. भर्तृहरीच्या नावावर चालणारे शेकडो श्लोक त्यांनी गटांत विभागले: जे जवळपास सर्व परंपरांत सापडतात ते, जे काहींतच सापडतात ते, आणि जे कुठेतरी एकटे भेटतात ते. पहिल्या गटात सुमारे दोनशे श्लोक उरले.

२०/ पद्धत ओळखीची वाटते ना? एक नाणे जसे काही सांगत नाही, तशी एक पोथीही सांगत नाही. प्रत्येक लेखनिकाची हौस आणि चूक वेगळी. समूहात जे टिकते त्यावर विश्वास ठेवायचा. १९५७ मध्ये हार्वर्डच्या प्राच्यविद्या मालेत विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ आला, त्याचे संपादन कोसंबी आणि वि. वि. गोखले यांनी मिळून केलेले. ‘याला आमच्या शास्त्रातले काय कळते’ म्हणणाऱ्यांनी ही दोन संपादने निदान हातात धरून पाहावीत.

२१/ १९४५ मध्ये होमी भाभा यांनी त्यांना नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. कोसंबी पुण्यात राहत आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करीत. १९४८-४९ मध्ये इंग्लंड-अमेरिकेचा दौरा झाला, शिकागो आणि प्रिन्स्टन येथे वास्तव्य झाले, यंत्रगणकांचा अभ्यास झाला. रविवार-सुट्टीचे दिवस मात्र पुणे जिल्ह्यातील टेकड्यांवर जात.

२२/ तिथे काय चाले? म्हसोबा, बोल्हाई, यमाई यांच्या ठाण्यांपाशी जाऊन ते जमिनीवरची बोटाच्या पेराएवढी दगडी पाती वेचत. अशी पाती एका ठराविक वाटेवर सापडतात आणि शेंदूर लावलेली ठाणीही त्याच वाटेवर आहेत, असे त्यांना दिसले. मेंढपाळांच्या हंगामी स्थलांतराच्या वाटा, व्यापारी तांड्यांच्या वाटा आणि कार्ल्यासारखी लेणी यांचा परस्परसंबंध त्यांनी मांडला. १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात हे लेखन एकत्र वाचता येते.

२३/ १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा मोठा ग्रंथ आला. इतिहास म्हणजे राजांची वंशावळ, ही कल्पना त्याने मोडीत काढली. लोक कसे जगत, काय पिकवत, कोणत्या अवजाराने, आणि उरलेले धान्य कोण नेत असे, या प्रश्नांना त्याने मध्यभागी बसवले. एखादा राजा नेमका कोणत्या साली मेला हे ठाऊक नसेल तर चालेल, पण त्याच्या प्रजेच्या हातात नांगर होता की कुदळ, हे ठाऊक हवे.

२४/ इथे तिसरा आक्षेपक उठतो: ‘कोसंबी मार्क्सवादी होते, विषय संपला.’ होते, आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. पण १९४९ मध्ये कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांचे प्राचीन भारतावरील पुस्तक आले तेव्हा त्यावर सर्वांत कठोर टीका कोसंबींनीच केली. युरोपचा साचा उचलून भारतावर बसवणे हा मार्क्सवाद नव्हे, पुरावा आधी पाहा, हा त्यांचा रोख. आपल्याच छावणीच्या नेत्याला तोच तराजू लावणारे आज दोन्ही बाजूंना किती आहेत?

२५/ आता त्यांच्या पराभवाकडे. तो टाळून कोसंबींची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९५९ मध्ये एका कृषिसंख्याशास्त्राच्या नियतकालिकात त्यांनी एक निबंध छापला. मूळ संख्यांच्या वाटपाशी निगडित असलेले रिमान गृहीतक संभाव्यतेच्या मार्गाने सिद्ध केल्याचा त्यात दावा होता. गणितातल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी हा एक. सिद्धता टिकली नाही.

२६/ हसे झाले. आणि जो माणूस इतरांच्या ढिलाईवर निर्दयपणे तुटून पडे, त्याच्या वाट्याला कुणाची सहानुभूती आली नाही. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. त्याआधीच भाभांशी अंतर पडत गेले होते. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत होते, आणि भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणूपेक्षा सौरऊर्जेवर भर द्यावा, असे जाहीरपणे सांगत होते.

२७/ ‘इतिहासाने गणित खाल्ले’ म्हणणाऱ्यांचा सर्वांत आवडता पुरावा म्हणजे हा प्रसंग. पण तो सिद्ध काय करतो? रिमान गृहीतकावर हात पोळून घेणारे गणिती कमी नाहीत, आणि त्यांतले बहुतेक आयुष्यभर गणिताखेरीज काही करत नव्हते. चूक अतिआत्मविश्वासाची होती. तिचा दोष नाण्यांना, मेंढपाळांना किंवा भर्तृहरीला लावण्यात अर्थ नाही. त्यानंतरही, १९६३ मध्ये, मूळ संख्यांवरचा त्यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला.

२८/ १९६४ मध्ये त्यांना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद पद मिळाले आणि पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी ते जोडले गेले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा शेवटचा मोठा ग्रंथ आला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेतच, त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. टपाल तिकीट निघायला २००८ साल उजाडले.

२९/ आता मूलकडे येऊ. कोसंबींची पायपीट पश्चिम महाराष्ट्रातली. चांद्याच्या जंगलावर त्यांनी ग्रंथ लिहिलेला नाही. मग त्यांचा इथे संबंध काय? संबंध असा की ज्या प्रदेशाचा इतिहास लिहिताना पेशवे दप्तर, बखरी, सनदा यांचा उपयोग जवळपास संपतो, तिथे कोसंबींची पद्धत सुरू होते. झाडीपट्टीला तिची गरज पुण्यापेक्षा जास्त आहे.

३०/ आजची मांडणी पाहा. चांद्याचे गोंड राजे एका परिच्छेदात, १७५१ मध्ये रघुजी भोसल्यांनी घेतलेला ताबा एका ओळीत, १८५४ चे इंग्रजी राज्य दुसऱ्या ओळीत, आणि १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाल्याची तारीख. मध्ये माणसे नाहीत. लाखो लोक शतकानुशतके या जंगलात काय खात होते, याला एक ओळही नाही.

३१/ पण पुरावा जमिनीवर पडलेला आहे. हिरापूर आणि चामोर्शीच्या महापाषाणी दफनांचे दगड आहेत. लोहाऱ्याचे लोहखनिज आहे आणि जंगलात लोखंड गाळणाऱ्यांची परंपरा आहे. वैनगंगेकाठी मार्कंड्याची देवळे आहेत. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, भाविकांची रीघ लागते. ते इतक्या लांबून, याच देवीला का येतात? कोसंबींनी ऐकले असते तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता: कोणत्या वाटेने येतात, आणि वाटेत काय काय लागते?

३२/ कोसंबींचा आणखी एक मुद्दा इथे थेट लागू पडतो. भारतीय खेडे स्वयंपूर्ण होते, हे वाक्य त्यांना मान्य नव्हते. बहुतेक खेड्यांत मीठ पिकत नाही आणि लोखंड निघत नाही, ते बाहेरून येते. म्हणजे बाजार आहे, व्यापारी आहे, देवाणघेवाण आहे. मूठभर मिठाच्या बदल्यात चारोळी, मोहफूल, डिंक घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या कथा या जंगलात आजही सांगितल्या जातात. त्या ‘लोककथा’ या कप्प्यात टाकल्या जातात. त्या आर्थिक इतिहासाची साधने आहेत.

३३/ आणि तलाव. मूल परिसरात रस्त्याने जाताना दर थोड्या अंतरावर पाळ दिसते. ज्याने तलाव बांधावा त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन मिळावी, असा गोंड राजाचा नियम होता, असे परंपरा सांगते. ही परंपरा खरी की मागाहून रचलेली? कागद शोधत बसलो तर उत्तर मिळणार नाही. मोजत गेलो तर कदाचित मिळेल.

३४/ पाळीची लांबी, भिजणारे क्षेत्र, तलावापासून गावठाणाचे अंतर, पाळीवरच्या देवाचे नाव, तलाव बांधणाऱ्या घराण्याची आठवण. एका तलावाची नोंद म्हणजे एक नाणे. तालुक्यातल्या शे-दोनशे तलावांची नोंद झाली की योगायोग गळतील आणि काहीतरी क्रम दिसू लागेल, किंवा दिसणार नाही. न दिसला तर परंपरेवर शंका घ्यावी लागेल. त्यासाठी शिष्यवृत्ती लागत नाही, फीत, वही आणि चालायची तयारी लागते.

३५/ हा पुरावा कायम राहणार नाही. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ या लांबलचक नावाचे ‘मामा तलाव’ झाले. अनेक गाळाने भरले, काहींवर अतिक्रमण झाले. गेल्या पिढीतले म्हातारे सांगणारे होते, तेही जात आहेत. भिंतीवरच्या शिळा निदान उभ्या असतात. मातीची पाळ एकदा सपाट झाली की तिचा इतिहास परत वाचता येत नाही.

३६/ मात्र इथे कोसंबींशीही भांडावे लागते. आदिवासी समाजाकडे पाहताना त्यांना त्यात दूरच्या भूतकाळाचे जिवंत अवशेष दिसत. नांगर पुढचा टप्पा, फिरती शेती मागचा, असा चढता जिना त्यांच्या मांडणीत आहे. भामरागड-एटापल्लीतला माडिया तरुण कुणाचाही अवशेष नाही. तो आजच्या काळात, आजच्या बाजाराशी आणि आजच्या शासनाशी झगडत जगतो. त्याच्या पूर्वजांनी नांगर घेतला नसेल तर त्यामागे निवडही असू शकते, मागासलेपण नव्हे.

३७/ नाण्यांबाबतही त्यांची सगळी विधाने टिकली नाहीत. मागच्या बाजूच्या ठशांचा अर्थ आणि काही कालक्रम पुढच्या नाणकशास्त्रज्ञांनी मान्य केले नाहीत. पण त्यांना खोडायचे तर नाणीच पुन्हा तोलावी लागतात, ठसे पुन्हा मोजावे लागतात. ज्याला चूक ठरवण्यासाठीही त्याच्याच वाटेने जावे लागते, त्याने शास्त्राला काय दिले हे वेगळे सांगायला नको.

३८/ कोसंबींचे पुतळे नकोत, जयंतीचे हार नकोत, आणि ‘महान पण दुर्लक्षित’ हे ठरीव रडगाणेही नको. दुर्लक्ष त्यांच्याकडे कमी झाले आहे, त्यांच्या पद्धतीकडे जास्त. त्यांचे नाव घेऊन भाषण करणारे पुष्कळ आहेत. रविवारी काठी घेऊन टेकडीवर जाणारे आणि वहीत आकडे उतरवणारे फार थोडे.

३९/ गणित आणि इतिहास यांच्यातली भिंत आपल्या शाळेने दहावीनंतर बांधली आहे. ‘गणित जमत नाही म्हणून कलाशाखा’ हे वाक्य मूलच्या महाविद्यालयातही ऐकू येते आणि पुण्यातही. या वाक्याने इतिहासाला मोजता न येणारे विद्यार्थी दिले, आणि गणिताला कशासाठी मोजायचे हे न कळणारे. कोसंबींना दोन तुकड्यांत कापून आपण त्याच भिंतीचे समर्थन करत असतो.

४०/ तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणाले की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाला इतिहास नाही, कारण कागद नाही, तर त्याला तक्षशिलेची नाणी सांगावीत. त्यांच्यावरही नाव नव्हते, साल नव्हते, एक अक्षर नव्हते. कुणीतरी ती एकेक करून तोलली, म्हणून ती बोलली. झाडीपट्टीतले दगड, तलाव, देवी आणि वाटा अजून कुणी तोललेल्या नाहीत.